वाढदिवसाचा डबा

"बाई, शनिवारी मला ताप येणार आहे."

मुलांनो, दचकलात ना? मीही दचकले. मधली सुट्टी होती, मी वह्या तपासत बसले होते, आणि चौथीतला एक मुलगा टेबलापाशी येऊन अगदी हळू आवाजात एवढं सांगून गेला. आता ताप काय असा वार सांगून येतो? त्याला काय लोकलचं वेळापत्रक असतं? पण शनिवार म्हटल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. शनिवारी त्याच्या जिवलग दोस्ताचा वाढदिवस होता. दोस्ताचे आईबाबा चार मुलांना घेऊन एका मोठ्या हॉटेलात जाणार होते. आठवडाभर वर्गात दुसरा विषय नव्हता. पिझ्झा मागवायचा की पावभाजी, यावरून झालेलं भांडण दोनदा माझ्यापर्यंत आलं होतं!

शनिवारी त्याला ठरल्याप्रमाणे 'ताप' आला. सोमवारी स्वारी ठणठणीत. मी त्याला काहीच विचारलं नाही. का नाही विचारलं, सांगू? असाच एक पोटदुखीचा वाढदिवस मी फार वर्षांपूर्वी पाहिलेला आहे. आज तीच गोष्ट तुम्हांला सांगते. सांगता सांगता मुंबईतल्या इराण्याच्या हॉटेलात एक चक्करही मारून आणते. चला तर!

साल १९९९. मी सहावीत होते. आम्ही लालबागला चाळीत राहायचो. माझी एक मैत्रीण होती. (होती म्हणजे, अजूनही आहे! पण माझं नाव छापायचं नाही, असं तिनं मला बजावलंय. तेव्हा तुम्हीही तिला नुसतं मैत्रीणच म्हणा.) आम्ही एका बाकावर बसायचो, एका खोडरबराचे दोन तुकडे करून वापरायचो. माझा वाढदिवस डिसेंबरात, तिचा फेब्रुवारीत.

त्या वर्षी मी हट्ट धरला. नवा फ्रॉक नको, चाळीतल्या पोरांना बोलावून वेफर्स आणि केक नको. मला हॉटेलात जायचंय, तेही फक्त मैत्रिणीबरोबर! आई म्हणाली, "एवढीशी पोर एकटी हॉटेलात?" बाबा म्हणाले, "एकटी कुठे? दोघी आहेत की." त्यांनी माझ्या हातात पन्नासाची नोट ठेवली आणि अट घातली, "मी बरोबर येईन, पण दुसऱ्या टेबलावर बसेन. तुमच्याकडे बघणारसुद्धा नाही." आणि बाबांनी शब्द पाळला बरं का. तासभर एक चहा आणि एक वर्तमानपत्र घेऊन ते आमच्याकडे पाठ करून बसले. पालकांनो, ही युक्ती जरूर करून पाहा. मुलं आपापली मागवतात, आपापली भाव विचारतात, आणि सांडलं तर आपापली पुसतातही.

करी रोडहून गाडी पकडून आम्ही व्ही.टी.ला उतरलो. स्टेशनचं नाव १९९६ सालीच छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं होतं, पण आमच्या चाळीत सगळे व्ही.टी.च म्हणत. तिथून महापालिकेच्या इमारतीवरून, आझाद मैदानाच्या कडेकडेनं चालत गेलं, की मेट्रो सिनेमाचा चौक येतो. हाच धोबी तलाव. तलाव कुठाय म्हणून शोधू नका, तो केव्हाच बुजवला. नाव तेवढं राहिलं. या चौकाच्या आसपास इराण्यांची जुनी हॉटेलं आहेत. त्यांतल्याच एकात आम्ही शिरलो.

थांबा, आत जाण्याआधी हे इराणी कोण ते सांगते. पारशी लोक हजार वर्षांहूनही आधी इराणातून गुजरातच्या किनाऱ्यावर आले, हे तुम्ही वाचलं असेल. इराणी मात्र खूप नंतर आले, एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात. बरेचसे याझ्द आणि केरमान या भागांतले. मुंबईत त्यांनी चहाची दुकानं टाकली, पावाच्या भट्ट्या लावल्या. गंमत म्हणजे ही हॉटेलं बहुतेक रस्त्याच्या कोपऱ्यावर दिसतात. कोपऱ्याची जागा अशुभ म्हणून इथले व्यापारी घेत नसत, इराण्यांनी ती आनंदानं घेतली, असं सांगतात. खरं-खोटं काहीही असो, पण दोन रस्त्यांचं गिऱ्हाईक आणि दोन बाजूंचा उजेड हा फायदा तर उघडच आहे! एके काळी अशी हॉटेलं मुंबईत शेकड्यांनी होती. आमच्या गिरणगावातही नाक्यानाक्यावर इराणी असायचा. आता थोडी उरली आहेत.

या हॉटेलांतल्या खुर्च्या नीट बघा हं. काळपट लाकडाच्या, पाठ गोल वळवलेली. लाकूड वाफेवर मऊ करून साच्यात वाकवायचं, ही युक्ती मिखाएल थोनेट नावाच्या कारागिरानं युरोपात मोठ्या प्रमाणावर वापरली. १८५९ साली व्हिएन्नात त्यानं केलेली अशी खुर्ची जगभर गेली. लाकडाचे फक्त सहा तुकडे आणि थोडे स्क्रू! सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच अशा खोक्यात मावायच्या. इराण्यांकडच्या खुर्च्या याच घराण्यातल्या. पुढच्या वेळी बसलात, की सहा तुकडे मोजून बघा.

भिंतीवर सूचनांची पाटी असायची. फार वेळ बसू नका, इथपासून केस विंचरू नका, इथपर्यंत! बस्तानी नावाच्या इराणी हॉटेलातल्या अशा सूचनांवर निसिम इझिकेल या कवीनं इंग्रजीत एक कविताच लिहिली. ते हॉटेल आता बंद झालंय, कविता आहे.

आणि सगळ्यांत भारी पद्धत म्हणजे बशीची. तुम्ही बसलात, की वेटर न विचारता एक मोठी बशी समोर आणून ठेवायचा. बशीत मावा केक, खारी, नानकटाई. खाल तेवढ्याचे पैसे द्यायचे, उरेल ते परत जायचं. उठताना वेटर गल्ल्यावरच्या मालकाला ओरडून आकडा सांगायचा. लिहिणं नाही, बिल नाही, सगळं त्याच्या डोक्यात.

तर अशी ती बशी आमच्या दोघींच्या मध्ये येऊन बसली.

मी ब्रुन मस्का मागवला. ब्रुन म्हणजे बाहेरून कडक पाव. त्याला भरपूर लोणी लावायचं आणि चहात बुडवायचा. बुडवला नाही, तर टाळू सोलून निघते! मग मी रासबेरीचं लालभडक पेय मागवलं. मग मावा केक खाल्ला, वेलचीच्या वासाचा, खाली लोण्याचा कागद चिकटलेला. एक संपवून दुसरा खाल्ला. मैत्रिणीनं फक्त चहा घेतला.

"घे ना गं केक."

"नको. मी जेवून आलेय."

"एक खारी तरी?"

"भूक नाही."

तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा ती एकदम तडकली, "नको म्हटलं ना!" बशीत ओतलेला चहा ती इतका हळूहळू प्यायली, की माझं सगळं खाऊन झालं तरी तिचा अर्धा कप बाकी होता. पन्नासातले पैसे उरले. मी खूश! घरी येऊन आईला सांगितलं, "मज्जा आली. तिला भूकच नव्हती." आई माझ्याकडे बघत राहिली. "अकरा वर्षांच्या पोरीला? समोर केक असताना?" एवढंच म्हणाली. मला काही ते कळलं नाही.

फेब्रुवारी आला. तिचा वाढदिवस जवळ आला तशी मैत्रीण मला टाळू लागली. मधल्या सुट्टीत दुसऱ्या मुलींत जाऊन बसायची. मला वाटलं, माझं काही चुकलं असेल. वाढदिवसाच्या दिवशी तर ती शाळेतच आली नाही. संध्याकाळी मी स्केचपेनांनी केलेलं भेटकार्ड घेऊन तिच्या चाळीत गेले.

तिची आई खानावळ चालवायची. खानावळ म्हणजे काय, हे आता लालबाग-परळच्या मुलांनाही सांगावं लागतं! कोकणातून, घाटावरून गिरणीत कामाला आलेले लोक इथे कुटुंबाशिवाय राहायचे. चाळीतल्या बायका महिन्याचे पैसे ठरवून त्यांना दोन वेळ जेवू घालायच्या. धान्य उधारीवर, कष्ट मात्र रोखीचे. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, या बायकांना एकत्र आणलं आणि बँकेची कर्जं मिळवून दिली. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. लाखांवर कामगार घरी बसले, बऱ्याच गिरण्या पुन्हा नीट चालल्याच नाहीत. जेवणारेच गावी गेल्यावर खानावळी कशा चालणार? मैत्रिणीच्या बाबांचं कामही त्यातच गेलं होतं. ते रात्रपाळीला वॉचमन म्हणून जायचे. तिच्या आईकडे तेव्हा सहा-सात माणसं जेवायला उरली होती.

"ये गो बाय," तिची आई म्हणाली. "पोट दुखतंय म्हणून झोपलीय सकाळपासून. तू बस पानावर. उठेल तुझ्याबरोबर तीपण."

दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीकडेनं पंगत बसली होती. मामा लोकांच्या शेजारी मला पाट मिळाला. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलांचं कालवण आणि वाफाळता भात. पडद्यामागून मैत्रीण आली, काही न बोलता शेजारी बसली आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या. मी मेली भाबडी! मोठ्यानं विचारलं, "पोट दुखत होतं ना तुझं?"

झालं. तिचा बांध फुटला.

"तुझ्या वाढदिवसाला मी खाल्लं असतं, तर माझ्या वाढदिवसाला तुला न्यायला लागलं असतं ना! कुठनं नेणार मी?"

भाकरी थापणारे हात थांबले. जेवणारे मामा ताटात बघू लागले. मला आठवली ती बशी. दोन महिन्यांपूर्वी ती पोर बशीकडे बघत चहा पीत बसली होती, तेव्हा ती मनातल्या मनात माझे केक मोजत होती. एवढे हिनं खाल्ले, म्हणजे एवढ्यांचे पैसे मला लागतील. तेवढे नाहीत. म्हणजे मी एकही खायचा नाही! गणितात ती माझ्यापेक्षा नेहमीच हुशार.

थोड्या वेळानं तिची आई म्हणाली, "अगो, हाटेलवाला पैशे घेऊन वाढतो. मीपण पैशे घेऊनच वाढते. मग आज दोघी माझ्याकडे जेवलात ना? झाला की हाटेलात वाढदिवस!"

सगळे हसले. मी पण हसले. मैत्रीण हसली नाही. "ही आपली खानावळ आहे," ती म्हणाली. "हॉटेल नाय."

आणि तिचं बरोबर होतं की नाही, सांगा बघू? बाहेर जाऊन खुर्चीवर बसावं, दुसऱ्यानं आणून द्यावं, आपण मैत्रिणीला 'घे ना' म्हणावं, याची मजा वेगळीच असते. नुसत्या समजुतीनं ती थोडीच मिळते?

हे तिच्या आईच्याही ध्यानात आलं असणार. कारण दुसऱ्या दिवशी तिनं दुधाच्या पावडरीचा एक रिकामा डबा शोधून काढला. जेवायला येणाऱ्यांत एक मामा गिरणीत फिटर होते. त्यांनी छिन्नीनं झाकणाला फट पाडून दिली. "ही तुमची दोघींची भिशी," मैत्रिणीची आई म्हणाली. भिशी तुमच्या आईला विचारा, ती सांगेल. दहा-बारा जणींनी दर महिन्याला सारखे पैसे काढायचे आणि सगळी रक्कम आळीपाळीनं एकीला द्यायची. पण आमच्या भिशीचा नियम वेगळा होता. "ह्यात हप्ता सारखा नाय. जिला जमेल तेवढं, जमेल तेव्हा. आणि एकीनं टाकताना दुसरीनं पाठ फिरवायची."

वर्षभर आम्ही पाठी फिरवल्या. मी खाऊचे पैसे टाकायचे. मैत्रीण डबे पोचवायला जायची, त्यातलं आई देईल ते टाकायची. कधी खण्ण आवाज यायचा, कधी नुसता टिक्. पण आवाजावरून काय कळणार? आठ आणेही वाजतात आणि पाच रुपयेही वाजतात. वाढदिवसही आम्ही एकच करून टाकला, तिचा आणि माझा मिळून, मधल्या जानेवारीतल्या एका रविवारी. २००१ सालच्या जानेवारीत पहिल्यांदा डबा उघडला. चटईवर चिल्लरचा ढीग! कुठलं नाणं कुणाचं, ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. गेलो त्याच इराण्याकडे. बाबा पुन्हा पाठ करून बसले. बशी आली, आणि मैत्रिणीनं तीन मावा केक खाल्ले. मी मोजले नाहीत. बरं, मोजले. तीनच होते.

तेव्हापासून मधली एक-दोन वर्षं सोडली, तर आमचा जानेवारीतला रविवार चुकलेला नाही. इराण्याकडेच जातो असंही नाही. माटुंग्याला रामा नायक यांनी १९४२ साली सुरू केलेल्या उडुपी बोर्डिंगात केळीच्या पानावर जेवलोय. बॅलार्ड इस्टेटमधल्या १९२३ सालच्या ब्रिटानियात बेरी पुलाव खाल्लाय. त्यात झेरेश्क नावाच्या इराणी झुडपाची आंबटगोड लाल फळं असतात. तिथले वयोवृद्ध मालक बोमन कोहिनूर टेबलाटेबलापाशी येऊन गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचे. २०१९ साली, ९७ व्या वर्षी ते गेले.

मैत्रीण आता लालबागलाच पोळीभाजी केंद्र चालवते. पहाटे चारला उठते, दिवसभर लोकांना वाढते. म्हणून तर तिला हा रविवार हवा असतो. "आज मला दुसऱ्यानं वाढलेलं खायचंय," म्हणते. २०२० च्या टाळेबंदीत तिचं केंद्र बंद पडलं होतं. त्यानंतर उघडलेला डबा हलका लागला. कुणाचे कमी पडले होते? ते आम्ही बोलत नाही. त्या वर्षी नुसता चहा आणि एकेक ब्रुन मस्का खाल्ला, आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ बसलो.

या वर्षीच्या जानेवारीत पुन्हा धोबी तलावला गेलो, १९०४ सालच्या कयानीत. काचेच्या बरण्यांत बिस्किटं, टेबलांवर लाल चौकड्यांचं कापड, त्याच वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या. आम्ही अकुरी घेतली, म्हणजे कांदा-मिरची-कोथिंबीर घालून ढवळलेली अंडी. बरोबर पाव. (मावा केकातही अंडं असतं बरं का. घरी चालत नसेल तर आधी विचारून घ्या, विचारण्यात कसली लाज?) शेजारच्या टेबलावर तुमच्याएवढ्या दोन मुली बसल्या होत्या. दरपत्रकावर बोट ठेवून कुजबुजत बेरीज करत होत्या. मैत्रिणीनं मला कोपरानं ढोसलं. दोघी गप्प बसलो आणि उगीचच खिडकीकडे बघू लागलो.

पैसे द्यायची वेळ आली. पर्समधून डबा निघाला. हा तिसरा आहे, पहिले दोन गंजून गेले. आता नोटाही असतात त्यात, पण चिल्लर पुष्कळ. मी जरा संकोचत विचारलं, "सुटे चालतील ना?" मुंबईत असं विचारलं, की काय होतं माहीत आहे? गल्ल्यावरच्या माणसाचा चेहरा असा काही उजळला, की त्याचाच वाढदिवस असावा! त्यानं दहा-दहाच्या चळती लावून नाणी भराभर मोजून घेतली आणि आणखी आहेत का विचारलं.

ही सगळी गोष्ट मी परवा वर्गात सांगितली. कुणाकडेही न बघता सांगितली. मधल्या सुट्टीत तो तापवाला मुलगा टेबलापाशी आला. या वेळी एकटा नव्हता, ज्याचा वाढदिवस झाला तो दोस्तही बरोबर होता.

"बाई, कुणी किती टाकले ते खरंच कळत नाही?"

"इतकी वर्षं मी पाठ फिरवतेय," मी म्हटलं, "मला तरी कळलेलं नाही."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग तो म्हणाला, "बाई, शाळेतल्या शिपाईकाकांकडे छिन्नी असेल का?"